गज चार बोटं कमी गेला

नोकरीची शेवटची सहा वर्षं मी एकाच युनिटच्या कोतात होतो. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. मी आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारा. हुद्दा हवालदार. लोकांना वाटतं फौजी म्हणजे रोज बॉर्डर आणि गोळीबार. माझी चोवीस वर्षं तेल, चिंदी आणि फुलथ्रूत, म्हणजे नळी पुसायच्या दोरीत गेली. साडेसातला कोत उघडायचा, रायफली मोजायच्या, सही करायची. संध्याकाळी परत मोजायच्या, परत सही. सह्या करून करून माणूस बघायचं विसरतो, हे मला उशिरा कळलं.

माझ्याबरोबर नायक दत्ता तरे होता. आमच्याच भिवंडी तालुक्यातला, दिघाशीचा. युनिटमध्ये आम्ही दोघंच एकमेकांशी मराठी बोलायचो. मला उस्ताद म्हणायचा आणि कामात माझ्यापेक्षा चोख होता. हे मी तेव्हा त्याला कधी सांगितलं नाही.

दसऱ्याला युनिटमध्ये शस्त्रपूजा असते. त्या वर्षी सीओसाहेबांनी हुकूम दिला, मेसच्या भिंतीवरची जुनी ठासणीची बंदूकही पूजेला ठेवा. दीडशे-दोनशे वर्षांची असेल. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरायची. मागे नळीला बारीक भोक असतं, त्याला कान म्हणतात. ठिणगी तिथून आत जाते.

अशी बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बघायची एकच रीत. गज नळीत सोडायचा, तोंडाशी अंगठा धरायचा, गज काढून बाहेरून नळीवर ठेवायचा. टोक कानापर्यंत पोचलं तर रिकामी. कमी पडलं तर आत काहीतरी आहे. अर्धं मिनिट लागतं.

आदल्या दुपारी दत्ताने विचारलं, "उस्ताद, गज टाकू?"

माझ्यापुढे शंभरावर रायफली होत्या आणि डोकं उठलं होतं. म्हटलं, "सोड रे. मेलेली आहे ती. तेल लाव आणि ठेव."

रजिस्टरात लिहिलं, 'चेक केली, सेफ.' खाली सही केली.

सकाळी ०९१५ ला पूजा मांडली. सीओसाहेब दहाला येणार होते. दत्ताने अगरबत्ती पेटवली आणि तिची काडी बंदुकीच्या कानात खोचली. त्याच्या घरी तशीच रीत होती. भोक काडीपेक्षा जरासंच मोठं असतं, काडी उभी राहते. मी बघितलं आणि काही बोललो नाही. झेंडूचा हार नळीच्या तोंडावरून घसरत होता, तो बांधायला दत्ता पुढे गेला. अगरबत्तीचा निखारा गळून काडीच्या बाजूने कानात गेला. ०९२२ ला बंदूक उडाली.

दत्ता तिथेच गेला. बत्तीस वर्षांचा होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी मला विचारलं, "गज डाला था?"

मी म्हटलं, "यस सर."

दोन शब्द. पेन्शनला तीन वर्षं उरली होती. कागदावर आलं की तपासणी झाली होती, गंज धरलेल्या नळीत जुनी दारू चिकटून राहिली असावी, आणि नायक तरे यांनी विनाहुकूम पेटती अगरबत्ती लावली. ठपका मेलेल्या माणसावर बसला.

रिटायर होऊन मी भिवंडीत धामणकर नाक्याजवळ राहायला आलो. वर्षभराने दत्ताचा मोठा भाऊ अनंत तरे शोधत आला. त्याच्या जमिनीवर गोदामं उभी राहिली होती, हातात पैसा खेळत होता, आणि त्याला एकच नाद लागला होता. तालुक्यात ज्या घरात जुनी बंदूक दिसेल ती रीतसर कागद करून विकत घ्यायची. मागून तलवारी आल्या, ढाली आल्या, दोन चिलखतं आली. एकाच्या छातीच्या कड्या तुटलेल्या. हे सगळं नीट ठेवायला त्याला आर्मरर हवा होता.

"तुमी दत्ताचे उस्ताद," तो म्हणाला. "दुसऱ्याला हात लावून देणार न्हाय."

मी एक पैसा घेतला नाही. दर रविवारी शेअर रिक्षाने दिघाशीला जायचो, चिलखताच्या कड्या एकेक पुसायचो. सोळा वर्षं. लोकांना वाटायचं, काय दोस्ती आहे. दोस्ती कसली डोंबलाची. मला त्या घरात बसवतही नव्हतं आणि तिथून निघवतही नव्हतं.

दत्ता गेल्यापासून त्या घरात अगरबत्ती लावायचे नाहीत. देवालाही नाही. दर दसऱ्याला भाऊ एकदा तरी बोलायचाच, "आमचे आज्याची बंदूक होती. कानात अगरबत्ती मी खोचायचो, दत्ता बघायचा. माझ्यामुलं गेला तो." आणि मी मान खाली घालून चिंदी फिरवत राहायचो.

गेल्या दसऱ्याला गणेशपुरीकडच्या एका घरातून नवी बंदूक आली. साडेदहाला पूजा होती. हॉलमध्ये घरची पंधरा-वीस माणसं, समया पेटलेल्या, हार तयार.

भाऊ म्हणाला, "हवालदार, ही राहू द्या आता. पूजेनंतर बघा. पिढ्यान् पिढ्या भिंतीवरच होती ती."

"दोन मिनिटं थांबा, भाऊ."

नळी भिंतीकडे केली, बाजूला उभा राहिलो, गज सोडला. अंगठा धरला, काढून नळीवर ठेवला. गज चार बोटं कमी गेला. परत टाकला. परत चार बोटं.

आवाज जुना निघाला. "समया विझवा. सगळे बाहेर. पळायचं नाही, चालत जा."

माणसं गेली. मी कानातून आणि तोंडातून पाणी ओतलं, बंदूक आडवी ठेवली, दार ओढून घेतलं. भाऊने पोलीस ठाण्याला फोन लावला. मग आम्ही दोघं ओट्यावर बसलो. भाऊने आपली चार बोटं जोडून बघितली.

"चार बोटांत समजतं?"

"समजतं."

"दर वेलेला समजतं?"

"दर वेळेला."

"मंग दत्ताच्या वेलेला कसा न्हाय समजला?"

सोळा वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. दमलो होतो, खरं सांगतो. आणखी एक खोटं उचलायची ताकद नव्हती.

म्हटलं, "मी गज टाकलाच नव्हता, भाऊ. दत्ताने विचारलं होतं, टाकू का म्हणून. मीच नको म्हटलं. आणि वर साहेबांना टाकला म्हणून सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे ती अगरबत्ती..."

"रिकामी बंदूक अगरबत्तीने उडत नाही."

भाऊने तोंडावर हात घेतला आणि ढसाढसा रडला. सत्तरीचा माणूस. मग उठला, शेजारच्या घरी गेला आणि एक अगरबत्ती मागून आणली. दत्ताच्या फोटोसमोर लावली. मी चपला घातल्या.

भाऊ पाठमोराच म्हणाला, "हवालदार, आता येऊ नका."

"बरं."

रविवारी मी आता घरीच असतो. फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला कागद पाठवला आहे, उत्तर अजून नाही. येईल तेव्हा येईल. त्या कागदात लिहिलं तेच इथेही लिहितो. रजिस्टरातली सही माझी होती आणि चूकही माझी. नायक दत्ता तरे यांनी गज मागितला होता.