साहेबांना खाली पाठवलं

हिमाचलातल्या डोंगरात आठ दिवस चालायचं, एका बर्फाच्या खिंडीपर्यंत जाऊन यायचं, हे वेड माझं होतं, आमच्या ह्यांचं नव्हे. मी शाळेत भूगोल शिकवते. वीस वर्षं फळ्यावर हिमरेषा काढली, पण खराखुरा बर्फ फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला. एका गटाबरोबर जायचं ठरवलं आणि घरी सांगितलं, तर हे म्हणाले, "एकटी कशी जाशील? मी येतो की."

हे सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून सूचना द्यायच्या, त्यामुळे घरातही आवाज त्याच पट्टीत. महिनाभर मी पहाटे उठून सात रस्ता चौकापर्यंत चालत जात होते आणि येत होते. हे एकदाही आले नाहीत. "मी दिवसभर उभाच असतो," म्हणायचे. आणि सोफ्यावर बसून मोबाईलवर गिर्यारोहणाचे व्हिडिओ बघायचे. गटाने पाठवलेल्या सामानाच्या यादीत एक हलका पंचा न्या असं लिहिलं होतं. ह्यांनी चार जाड टॉवेल भरले.

आमच्या गटात नऊ माणसं होती. वाटाड्या तिथल्याच गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने एकच नियम सांगितला. "मेरे आगे कोई नहीं जाएगा. और मेरा भाई सबसे पीछे रहेगा, उसके पीछे कोई नहीं."

सगळ्यांनी माना हलवल्या, ह्यांनीही.

दुसऱ्या दिवसापासून कुरकुर सुरू झाली. वाट देवदारांच्या रानातून वळणं घेत चढत होती. प्रत्येक वळणावर हे थांबून वर बघायचे. "हा माणूस मुद्दाम लांबून नेतोय. ती बघ, शेळ्यांची वाट सरळ वर गेलीय."

"अहो, त्याला माहीत असेल ना."

"तुला काय कळतंय?"

मला दम लागला होता. भांडायचं म्हटलं तरी श्वास हवा.

तिसऱ्या दिवशी एका सपाटीवर चहासाठी थांबलो. हे वाटाड्याच्या भावाला म्हणाले, लघवीला जाऊन येतो. झुडपांमागे गेले ते आलेच नाहीत. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मी हाका मारल्या. मग माझी नजर झुडपांमागून सरळ वर गेलेल्या, तशाच एका शेळ्यांच्या वाटेकडे गेली. वर धुकं उतरत होतं.

मी वाटाड्याला सांगितलं, "वो ऊपर गए होंगे." त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि भावाला घेऊन चढायला लागला.

आम्ही आठ जण अडीच तास त्या सपाटीवर बसून राहिलो. नागपूरची एक बाई थंडीने कुडकुडत होती, तिला मी माझी शाल दिली. पहिला तासभर मी देवाला विनवत होते की माणूस सुखरूप सापडू दे. दुसऱ्या तासात मनातल्या मनात त्याच माणसाला असं काही बोलले की देवानेही कान झाकले असतील.

शेवटी दोघं भाऊ ह्यांना मधे धरून उतरताना दिसले. पँट गुडघ्यावर फाटलेली, तळहात सोलवटलेले. एका खडकावर पाय घसरला होता, मग वर जाता येईना की खाली. मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात हे म्हणाले, "जवळजवळ पोचलोच होतो. अजून दहा मिनिटं मिळाली असती तर..."

माझं रडू जागच्या जागी आटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटाड्या माझ्याकडे आला. "मैडम, साहब को नीचे भेजना पड़ेगा. आगे बर्फ है. वहाँ ऐसा किया तो मैं नहीं बचा पाऊँगा." शिधा आणायला खाली निघालेल्या खेचरवाल्याबरोबर ह्यांना पायथ्याच्या गावात सोडायचं ठरलं.

हे तंबूत आले. "चल, बॅग भर. ह्या लोकांना शिस्तच नाही. आपण परत जाऊ."

"तुम्ही जा. मी पुढे जाणार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी खिंडीपर्यंत जाणार आहे."

"नवरा जखमी आणि तू डोंगर चढणार? लोक काय म्हणतील?"

"काल अडीच तास बसवलंत ना, ते लोक? ते काही म्हणणार नाहीत."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असं मी कधी बोलले नव्हते. मी उगाच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

एकटी चालताना मोकळं वाटेल असं वाटलं होतं. कुठलं काय! दिवसभर मी मनात त्यांच्याशीच भांडत होते. सहाव्या दिवशी खिंडीत पोचलो तेव्हा गुडघाभर बर्फ होता आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर. भूगोलाच्या मास्तरणीला एक शब्द सुचला नाही. वाटाड्याने फोटो काढला. नंतर पाहिला तर मी एका कडेला उभी होते, शेजारी एका माणसाची जागा मोकळी सोडून. त्याचाही राग आला.

दोन दिवसांनी खाली उतरले, तर ह्यांच्या मुक्कामाच्या घराची मालकीण फाटकातच उभी. "दीदी, आपके साहब ने मेरी खड्डी पूरी खोल दी. अब जुड़ती नहीं." तिचा शाली विणायचा हातमाग! ह्यांना त्यात खोट दिसली होती. ओसरीवर लाकडाचे तुकडे आणि सुताचा गुंता पसरलेला, आणि मधे हे बसलेले. मला बघून हळूच म्हणाले, "आमच्या मागासारखा नाहीये गं हा."

मग ती बाई सांगत गेली आणि आम्ही दोघं धरत गेलो. हे धर, ते सोड, आता थांब. ह्यांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही. माग उभा राहायला दुपार गेली.

सोलापुरात परतल्यावर शेजारचे भेटायला आले. मी आत चहा ठेवत होते. बाहेरून ह्यांचा आवाज आला, "मग आम्ही खिंड चढलो. गुडघाभर बर्फ!"

मी गॅस बारीक करून बाहेर आले. "मी चढले. हे खाली होते."

शेजारच्या काकूंनी नजर फरशीवर वळवली. ह्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण हे आपल्या तळहातावरच्या खपल्या बघत म्हणाले, "खरंय. मला हाकलून दिलं. वाट सोडून गेलो होतो." आणि स्वतःच सगळं सांगायला लागले.

शेळ्यांची वाट मात्र बरोबरच होती, असं त्यांनी तेव्हाही सांगितलंच.