दर्या बंद व्हायच्या आत

आमच्या कॉलनीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी आम्ही नशीब समजतो. ते आलं की अख्खी गल्ली ड्रम, बादल्या आणि मोटारी घेऊन धावत सुटते. माझ्या सासऱ्यांनी हा गोंधळ पहिल्यांदा खिडकीतून बघितला आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे पण भरती येता मा!" त्यांच्या गावी भरती दिवसातून दोनदा येते, तिच्यासाठी कुणी भांडत नाही. मला मात्र त्या दिवशी शिफ्टला वाळूजला जायचं होतं आणि मोटार हवा धरून बसली होती. मला काही हसू आलं नाही.

सासरे सिंधुदुर्गातल्या समुद्रकाठच्या एका गावचे. पोस्टात नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ कातळावर बसून गरी टाकण्यात घालवला. गरी म्हणजे आपला गळ. तो त्यांचा धंदा नव्हता, व्यसन होतं. यंदा थंडी संपता संपता त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मुलगी एकुलती एक, ती माझी बायको, म्हणून त्यांना इथं आमच्याकडे आणलं. दिवसाआड डायलिसिस, जेवण अळणी, आणि दिवसभराचं पाणी एका लहानशा बाटलीत मोजून. जन्मभर खाऱ्या पाण्याच्या काठी बसलेल्या माणसाचं मीठही काढून घेतलं आणि पाणीही. मला भयंकर राग यायचा, पण तो काढायचा कुणावर? मग मी दारातल्या चपला पायानं उडवायचो.

त्यांचं मागणं एकच होतं. दर्या बंद व्हायच्या आत एक संध्याकाळ आपल्या कातळावर बसायचं. पावसाळ्याआधी समुद्र आतून उठायला लागतो, होड्या वर ओढून माडाच्या झापांखाली झाकतात, गरीला कुणी हात लावत नाही. त्यालाच ते दर्या बंद होणं म्हणतात. मग पुढचे काही महिने नुसतं बघत बसायचं. तेवढे महिने त्यांच्या हातात आहेत का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मी पाचोडकडचा. आमच्याकडे मासा धरायचा म्हणजे गोदावरीच्या डोहात कणकेची गोळी टाकायची आणि बाभळीखाली पडून राहायचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो तेव्हा जावयानं काहीतरी करून दाखवावं म्हणून मी सकाळीच हळद घालून कणीक मळून घेतली. कातळावर मोठ्या ऐटीत गोळी लावून फेकली. पहिल्याच लाटेत ती विरघळली. दुसरी गेली, तिसरीही गेली. सासरे तिन्ही वेळा वाकून बघत होते. शेवटी म्हणाले, "जावयबापू, तुमी माशांक चपात्यो वाढूक इलास काय?" ते वाक्य सगळ्या वाडीत फिरलं. अजून तिथल्या लग्नाकार्यात मला कुणी ना कुणी चपात्यांवरून छेडतं.

मग त्यांनी शिकवायला घेतलं. उन्हाळ्यात पाणी निवळ असतं, मासा दोरी बघतो, म्हणून तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, बारीक घ्यायचा. आमिष जिवंत कोळंबीचं, ती नसेल तर कातळावरून फोडलेली कालवं, आणि अगदीच काही नसेल तर बांगड्याचा तुकडा, कातडीसकट, म्हणजे सहज सुटत नाही. शिसं थोडंच लावायचं, नाहीतर गरी दगडाच्या सांदीत अडकते. सकाळी जमिनीकडून वारा असतो तोवर समुद्र ताटासारखा सपाट. दुपारी मासा खोल जातो, तेव्हा माणसानं जेवून झोपावं. चढत्या पाण्याचा शेवट आणि ऊन कलायची वेळ जुळली की तांबोशी मासळी कातळाजवळ येते. आणि भरती कधी, तर तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमीला सहा.

इतकं सगळं येऊनही ते निम्म्या वेळा हात हलवत घरी यायचे. मग वारा फिरला, कोळंबी शिळी होती, जावई खोकला, अशी कारणं तयार असायची. सासूबाई होत्या तोवर त्या मसाला वाटून ठेवायच्याच नाहीत. "आधी मासो दाखवा," म्हणायच्या.

मला मात्र एक गोष्ट कधीच जमली नाही. ते तंगूस डाव्या हाताच्या बोटावरून सोडत आणि मासा नुसता आमिषाला तोंड लावून गेला तरी त्यांना कळे. माझ्या बोटाला सगळं सारखंच लागायचं, लाट काय, दगड काय आणि मासा काय. मी ओढायचो तेव्हा कोळंबी केव्हाच खाऊन झालेली असायची.

इथं आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरखाली खुर्ची टाकून घेतली. रोज सकाळी तिथी बघून ते गावच्या भरतीची वेळ सांगायचे. बायको पोळ्या लाटता लाटता "हो बाबा" म्हणायची. चैत्र संपला, वैशाख लागला. त्यांच्या तालुक्याच्या गावी डायलिसिसची मोजकी मशीनं आहेत आणि त्यांच्यासाठी आधीच माणसं वाट बघत होती. तिथं नंबर लागल्याशिवाय त्यांना नेता येत नव्हतं, कारण इतका लांबचा प्रवास करून दिवसाआड परत येणं शक्यच नाही. बायको रोज फोन करायची. पलीकडची बाई चांगली होती. ती रोज "अजून नाही हो ताई" असं इतक्या मायेनं सांगायची की तिच्यावर ओरडताही यायचं नाही.

"पुढच्या आठवड्यात नक्की, बाबा," बायको म्हणायची. मी मान हलवायचो. दुसरं काय करणार?

मध्ये त्यांना ताप आला, त्यात बरेच दिवस गेले. बरे झाल्यावर मी माझी अक्कल चालवली आणि त्यांना गाडीत घालून पैठणच्या धरणावर नेलं. पाणी ते पाणी, असा माझा हिशोब. उन्हाळ्यात नाथसागर पार आत सरकलेला, काठाला भेगाळलेला गाळ. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्यां पाणी खंयच जाणा नाय." कुठंच न जाणारं पाणी त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. माझं मन मोडू नये म्हणून लगेच पुढं म्हणाले, "पण मोठा आसा हां, लय मोठा." परतताना मी त्यांच्यासाठी शहाळंही घेऊ शकत नव्हतो, तेही त्यांना बंद होतं.

डायलिसिसच्या सुया टोचायला त्यांच्या डाव्या मनगटावर छोटं ऑपरेशन करून शीर जोडली होती. अशा ठिकाणी बोट ठेवलं की रक्त वाहताना आत थरथर लागते. ती रोज तपासायची असते, थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. ते काम माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी त्यांनीच माझं बोट धरून तिथं ठेवलं.

"कळला? मासो असोच लागता. घाई करायची नाय."

खरंच, आत काहीतरी सारखं ओढत होतं. इतक्या उन्हाळ्यांत कातळावर बसून मला जे कळलं नव्हतं, ते आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर कळलं. मला रडू आलं आणि मी पंख्याकडे बघत बसलो.

आणि मग नंबर लागला. मे सरत आला होता. बायकोनं फोन ठेवला आणि नाचायचीच बाकी राहिली. पुढच्या सोमवारपासून तिथलं एक मशीन त्यांचं. तिनं माळ्यावरून बॅग काढली, मला गाडी सर्व्हिसिंगला टाकायला सांगितलं आणि बाबांची तंगूसाची रिळं शोधायला आत गेली.

सासऱ्यांनी ही बातमी गावच्या जोडीदाराला द्यायला मला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. हा त्यांचा शेजारी, दोघं जन्मभर एकाच कातळावर बसलेले. तो नेमका तिथंच होता. त्यानं "येवा, येवा" म्हणून आरडाओरडा केला, पण मोबाईल सारखा माडांकडे धरला होता.

"माड माका ठावक आसत," सासरे म्हणाले. "मोबाईल खाली धर. कातळ दाखव."

त्यानं जरा वेळ लावला. मग पडद्यावर कातळ आला. मला तो नेहमीसारखाच दिसला. वरच्या माडांची झावळीही हलत नव्हती, वारा अजिबात नव्हता. पाणी मागं सरलं, फार मागं सरलं, मग सावकाश उठलं आणि त्यांच्या बसायच्या जागेवरून पार पलीकडे गेलं. उतरताना दगडाला तांबूस फेस चिकटून राहिला. तसंच पुन्हा झालं. पलीकडच्यानं मोबाईल पुन्हा माडांकडे वळवला.

"वारो नाय, तरी पाणी उठता," सासरे म्हणाले. मग मोबाईल माझ्या हातात परत दिला. "दर्यो बंद झालो, जावयबापू."

मी म्हणालो, "नाय बाबा, चार दिवसांत उतरंल की." मला समुद्रातलं काय कळतं! ते माझ्याकडे बघून हसले. लहान पोर खोटं बोलतं तेव्हा हसतात तसे.

आतून बायको रिळं आणि गऱ्यांची डबी घेऊन आली. तिचा चेहरा इतका उजळला होता की मला तिच्याकडे बघवेना. "बाबा, हे सगळं घेतलं. आणखी काय घ्यायचं?"

त्यांनी डबी उघडली, एक गरी काढून बोटावर टेकवून धार बघितली आणि परत ठेवली. मला वाटलं, आता सांगतील.

"कणीक घे भरपूर," ते म्हणाले. "जावयबापूंका माशांक चपात्यो वाढूच्यो आसत."

ती खळखळून हसली आणि तशीच हसत बॅग भरायला आत गेली. ती गेल्यावर त्यांनी डावा हात माझ्यापुढं केला. त्या दिवशी सकाळी तपासायचं राहून गेलं होतं. मी मनगटावर बोट ठेवलं.

"लागता?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो, "लागतंय."

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मी बोट काढलं नाही. आत बॅगेची चेन अडकली होती, ती ओढायला बायको मला हाक मारत होती.