अर्जातली एक ओळ

ती दुपार आठवते तेव्हा आधी उजेड आठवतो, येलहंक्याच्या त्या चर्चच्या उंच खिडक्यांतून ताकासारखा पांढरट होऊन बाकांवर सांडलेला. शहरातल्या रिफॉर्म्ड पंथाच्या पाच ख्रिस्ती मंडळ्या पहिल्यांदाच एकत्र बसल्या होत्या. कन्नड, तमिळ आणि आमची मूठभर मराठी. निमित्त आनंदाचं नव्हतं. विश्वास खरा असेल तर आजार टिकत नाही, असं आमचे पाळक दोन वर्षं शिकवत होते. ही शिकवण चुकीची आहे का, हे पाचही मंडळ्यांनी मिळून ठरवायचं होतं. चुकीची ठरली तर पाळकांचं व्यासपीठ, म्हणजे उपदेशाचा हक्क, जाणार होता.

पाळकांविरुद्धचा अर्ज माझा होता. मी मंडळीतला एक वडील, म्हणजे तिचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांपैकी.

आमची रीत अशी, की भावाची चूक दिसली तर आधी एकट्यानं त्याच्या घरी जायचं. ऐकलं नाही तरच सभेपुढे यायचं. अर्जात मी लिहिलं होतं, 'एकांतात समजावलं.' मारतहळ्ळीला पाळकांच्या घरी मी गेलो होतो, हे खरं. त्यांनी कॉफी दिली, माझ्या मुलीसाठी प्रार्थना केली. मी ट्रॅफिकबद्दल बोललो आणि परतलो.

अध्यक्षांनी विचारलं, "एकांतात बोललात?"

"हो."

दुभाष्यांनी ते पुढे नेलं. हौदु. आमा. माझं एक खोटं तीन भाषांत तरंगत गेलं. वरून हवाईदलाचं विमान गेलं आणि सगळे थांबले. मला वाटलं, ते विमान कधी जाऊच नये.

मग पाळकांना विचारलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अण्णा घरी आले होते." एवढंच.

चहाच्या सुट्टीत ते झाडाखाली कप घेऊन आले. "घ्या स्वल्प. त्या दिवशीच्या कॉफीसारखा अर्धा ठेवू नका."

"तेव्हाच बोलायला हवं होतं," मी म्हणालो.

"मग आता बोला. इथं ट्रॅफिक नाही."

मी बोललो. आमच्या मागच्या बाकावर बसणाऱ्या अक्कांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात, हे त्यांना सांगितलं.

"मी गोळ्या बंद करा असं कधी म्हटलं?"

"आम्हाला तेच ऐकू आलं."



सभा पुन्हा बसली तेव्हा मी उभा राहिलो. ती ओळ खोटी आहे, म्हणालो. तेही तीन भाषांत गेलं. अर्ज परत आला. शिकवणीचा निर्णय पुढच्या सभेवर गेला. कोणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. गोळ्यांचा डबा देवघरातल्या वस्तूसारखा कपाटात वर ठेवलेला. त्यांनी विचारलं, "पाळकसाहेब, घेतल्या तर विश्वास कमी पडला असं होईल का?"

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन पेलाभर पाणी आणलं.