वाळूच्या पिंडीवर पाणी

माझे अप्पा हरिदास. कुंभकोणमात दर माघात वकीलसाहेबांच्या घरी त्यांचं कीर्तन ठरलेलं, आणि मागं झांज धरायला मी. त्या वर्षी आख्यान आमच्याच गावच्या जन्माचं होतं. प्रलयात ब्रह्मदेवाचा घट सृष्टीची बीजं आणि अमृत घेऊन तरंगत आला, शंकराच्या बाणानं इथं फुटला, आणि त्याच्या खापऱ्या नि वाळू कालवून शंकरानं पिंडी केली. त्या पिंडीवर आजही कुणी पाणी घालत नाही.

मिशनऱ्यांची पत्रकं या घटाची टवाळी करीत. त्यांना उत्तर देणाऱ्या आमच्या पत्रकांत तोच घट शास्त्र होऊन बसे. दोन्ही वाचतच मी वाढलो, आणि दोन्हींचा मला सारखाच राग येई.

कीर्तनाआधी वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं.

"कॉलेजात शास्त्र शिकतोस ना? मध्यंतरात उठून सांग, घट म्हणजे पेशी. गोऱ्यांच्या आधी आपल्या ऋषींना सारं ठाऊक होतं."

"पण तसं नाही ना, काका."

"तुझं मत विचारलं नाही. पुढच्या माघात अप्पांना इथं उभं राहायचंय ना?"

अप्पा शेजारीच पागोटं बांधत होते. त्यांनी पुढचा वेढा घेतला.

मध्यंतरात बुक्का लावून झाला. मी उठलो.

"पेशी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिली आहे. तिचा या घटाशी संबंध नाही. इथं विहीर खणली तर कावेरीचा गाळ निघतो, अमृत नाही. कथा रचणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तसा दावाही केला नाही. मग आपण का करावा? वाळूची पिंडी विरघळेल म्हणून तिच्यावर आपण पाणी घालत नाही. कथेवर शास्त्राचं पाणी कशाला? कथा विरघळेल, आणि पाणीही गढूळ होईल."

"बस खाली," वकीलसाहेब म्हणाले.

"बुवा, पोरानंच उत्तररंग उरकला की," मागून कुणी बोललं. हशा झाला.

अप्पांनी चिपळ्या उचलल्या आणि घट नेहमीसारखा तरंगत आणला, कसलाही खुलासा न करता.

घरी जाताना ते म्हणाले, "पुढच्या माघात तिथं दुसरा हरिदास."

"मला खोटं बोलता आलं नसतं."

"मी कुठं बोल म्हटलं? झांज मात्र आज बेताल धरलीस."

दुसरा हरिदास खरंच उभा राहिला. घट म्हणजे पेशी, हे त्यानं घसा ताणून सांगितलं. आमचा घट त्या माघात घराच्या ओट्यावर फुटला. ऐकायला गल्लीतली चार माणसं होती, आणि झांज मी तालात धरली.