महालिंग सरांचा टुणटुण उंदीर

ज्या स्टाफरूममध्ये एक माणूस उंदरांवर पीएच.डी. करतो, तिथं किस्से शोधावे लागत नाहीत. चहाबरोबर रोज एक येतोच!

आमचे महालिंग सर नळदुर्गला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांचा उंदीर साधा नाही. नाव जर्बिल, राहणार कोरड्या रानात, मागचे पाय लांब, शेपटीच्या टोकाला झुपका, आणि घाबरला की टुणटुण उड्या. मी शिकवतो इतिहास, त्यामुळं मला यातलं काही कळत नाही. पण इतरांना कळतं असंही दिसत नाही.

*

प्राचार्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं.

"हा नक्की उंदीर आहे ना?"

"हो सर."

"मग उड्या का मारतो?"

"पळून जाण्यासाठी सर."

"अहो, पळून जायचं तर पळावं ना! उड्या कशाला?"

महालिंग सरांनी परत येऊन हे स्टाफरूममध्ये सांगितलं. खरं सांगायचं तर प्राचार्यांचं म्हणणं मलाही पटलं होतं.

*

सरांनी एक जर्बिल पकडून लॅबमध्ये काचेच्या पेटीत ठेवला. लॅब सांभाळणारे शकूरभाई रोज वाटीत पाणी भरायचे. पाणी होतं तसंच!

"शकूरभाई, काळजी करू नका. त्याचं दाण्यावर, किड्यांवर भागतं. पाणी फारसं लागत नाही त्याला."

शकूरभाईंनी पेटीत डोकावून बघितलं आणि विचारलं, "दाने खाताय, पानी नै पीताय. ये कौनसा रोजा है जी?"

*

हा प्राणी रात्री जागतो आणि कॉलेज भरतं दिवसा. तोंडी परीक्षेत सरांनी एका मुलीला पेटी दाखवून विचारलं, "याचं वैशिष्ट्य सांग."

"झोप, सर."

"आणखी?"

"आमी असलो की झोपतो सर. आमी नसलो की काय करतो, म्हाईत न्हाय."

सरांनी पूर्ण मार्क दिले. चुकीचं काय होतं त्यात?

*

सर माकणीकडं एका शेतकऱ्याला भेटायला गेले. मी सोबत होतो. सरांनी मोबाइलवर फोटो दाखवला.

"ह्यो? लई हायत की! ज्वारीची कणसंच पळवत्यात. औषध आणलंय व्हय?"

"नाही हो, मी यांचा अभ्यास करतोय. पाच वर्षं झाली."

शेतकरी हळहळला. "म्हंजे पाच वर्षं झाली तरी औषध घावलं न्हाय!"

*

मग आली येळवस. त्या अमावस्येला आमच्याकडं अख्खी गावं रानात जेवायला जातात. सरांचे गाईड विद्यापीठातून येणार होते. त्यांनी बजावलं होतं, "प्राणी रात्रीचा आहे, समजू शकतो. पण निदान एक राबतं बीळ दाखवा. नाहीतर विषय बदला."

सर निर्धास्त होते. त्यांच्या स्वतःच्या रानात बांधभर बिळं होती! गाडीतून उतरल्याबरोबर ते गाईडना थेट बांधावर घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो.

बांध सपाट. एक भोक दिसेना!

"सर, हा दिवसा बिळाचं तोंड आतून माती लावून बंद करतो," महालिंग सर म्हणाले.

"सगळी तोंडं? एकदम?"

सर उकिडवे बसून हातानं माती उकरायला लागले. मला त्यांची फार दया आली. पाच वर्षांची मेहनत होती ती.

तेवढ्यात सरांच्या आई, अव्वा, आंबिलीचा तांब्या घेऊन आल्या.

"काय हुडकायलास रे?"

"अव्वा, बिळं कुठं गेली?"

अव्वांचा चेहरा खुलला. त्या गाईडकडं वळल्या. "तुमी एवढं मोठं माणूस आमच्या रानात जेवाय येणार. उंदरं दिसली तर काय म्हणाल? म्हणून काल गडी लावून समदी बिळं बुजवून घेतली! आता बिनघोर बसा."

गाईडनी महालिंग सरांकडं बघितलं. सर मातीचे हात तसेच धरून बसले होते.

अव्वांनी पेला भरून पुढं केला. गाईड म्हणाले, "अव्वा, आधी यांना द्या."