ताईंची न दिसणारी बुरशी

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीइतका मातीवर विश्वास असलेला आणि माणसांवर नसलेला जीव अख्ख्या मोहाडी तालुक्यात सापडायचा नाही. ताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्या आणि पेशंटांची जागा शतावरीच्या रोपांनी घेतली. अंगणात पिशव्यांच्या दोन रांगा असत. एकीत तलावाचा गाळ आणि शेणखत, दुसरीत तुमसरच्या राइस मिलमधली तुसाची राख आणि रेती. आलेल्या पाहुण्याला चहाआधी दोन्हींचा वास घ्यावा लागे. एका लग्नात मांडवात बसल्या बसल्या "इथची माती मेली हाये" असं म्हणून त्यांनी नवरीच्या बापाचा चेहरा उतरवला होता. त्यांचा खरा जीव मात्र एका टबात होता. जंगलातल्या जुन्या शतावरीच्या मुळाखालची माती आणून, तिच्यात मका लावून, त्याच्या मुळांवर त्यांनी दोन वर्षं एक बुरशी पोसली होती. "ते मुळाच्या आत राह्यते, जवाई. झाडाले दुरून अन्नपाणी आणून देते." बाळाला डोस पाजावा तशी त्या टबातली चिमूटभर माती ताई प्रत्येक पिशवीत घालत.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्या आठवडाभर भंडाऱ्याला गेल्या आणि रोपं माझ्यावर सोपवली. तिसऱ्या दिवशी मातीवर पांढरी जाळी दिसली. मी घाबरलो. दुकानातून बुरशीनाशक आणलं, पाण्यात कालवलं, आधी टबात आणि मग दोन्ही रांगांतल्या निम्म्या पिशव्यांत ओतलं. बादली रिकामी झाल्यावर लक्षात आलं, की बुरशी मारायचं औषध मी बुरशीच्याच टबात ओतलं आहे.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "टब बरा हाये ना?"

"बरा आहे."

हे चार दिवस चाललं. मला जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

ताई आल्या त्या काळा चष्मा लावून. घरात न जाता थेट टबापाशी बसल्या, मातीत बोटं घातली आणि ती नाकाशी नेली.

"कोणतं औषध टाकलं, जवाई?"

मी सगळं सांगितलं, फोनवर खोटं बोललो तेही.

"काहून टाकलं?"

"पांढरी बुरशी दिसली म्हणून."

"ते वरवरची व्हती. तिनं काही बिघडत नव्हतं. माही बुरशी दिसतच नाही." मग त्यांनी ऑइलपेंट मागवला आणि औषध ओतलेल्या प्रत्येक पिशवीवर माझ्याकडूनच फुली मारून घेतली. "दोन वर्षं गेली. आता निदान काय फरक पडते ते पाहून तरी घेऊ."

तीन महिने त्या अंगणातून जाताना माझी मान वर होत नसे. गाळातली फुलीवाली रोपं हळूहळू सावरली. त्यांना खायला होतं. राखेतली मात्र वीतभर होऊन थांबली; त्यांना अन्न आणून देणारी बुरशीच मी मारली होती. शेजारची, बिनफुलीची, राखेतच कमरेला लागली होती. ताईंनी मला दोन्ही उपटून मुळं दाखवली. रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं.

पुढच्या थंडीत टब पुन्हा पहिल्यापासून लावायचा म्हणून नवी माती आणायला आम्ही दोघं जंगलात गेलो. अर्ध्या वाटेपर्यंतच त्या दोनदा दम खायला बसल्या. शतावरीच्या जुन्या वेलीपाशी पोचल्यावर मूठभर माती रुमालात बांधत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "जागा ध्यानात ठेवा, जवाई. पुढच्या खेपेले माह्यानं येणं नाही होणार."

त्यानंतर मी दोनदा गेलो, एकटाच. माती घेऊन झाल्यावरही दोन्ही वेळा थोडा वेळ तिथे बसून राहिलो.