पिसाचा निळा

सचिन औद्योगिक वसाहतीतल्या, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाउसात मी शेड मॅचिंग करतो. शेठ कापडाचा तुकडा देतात, मी लॅबमध्ये तोच रंग काढून देतो. त्या दिवशी मात्र शेठनी माझ्या टेबलावर मोरपीस ठेवलं.

"भाऊ, मुलीच्या सगाईचा दुपट्टा. बस, आवोज कलर जोईए. अगदी असाच."

मी समजावलं. या पिसात निळा रंगच नसतो. आत अतिसूक्ष्म कांड्या ठरावीक अंतराने रचलेल्या असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या उजेडात निळा तेवढा उठून दिसतो. शेठ हसले. "रंग नाही, तर मला काय दिसतंय?" मी पिसाचे चार तंतू खलात कुटले. तपकिरी भुकटी झाली.

"बिघडवलं ना!" शेठ म्हणाले.

तरी मी मशीनवर शेड मोजत बसलो. पीस जरा वळवलं की आकडा बदलायचा. शेठ रोज दारातून विचारायचे, "झालं?" माझं डोकं उठायचं.

शेवटी कुठल्याशा प्रदर्शनातून शेठनीच एक धागा आणला. केसही जाडा वाटावा इतके बारीक थर एकावर एक बसवलेला, डाय न लावता निळसर झळकणारा. मोराचीच करामत, कारखान्यात केलेली. मी हरखलो. शेठना बजावलं, याला आच लावायची नाही. त्यांनी मान डोलावली, कापड विणून घेतलं आणि सवयीने स्टेंटरवर, कापड तापवून ताणणाऱ्या मशीनवर, चढवलं. भर तापात थर एकजीव झाले. हातात आलं मळकट पांढरं फडकं.

"भाऊ, रंग उडाला!"

"शेठ, उडायला रंग होता कुठे?" मी ओरडलोच.

उरलेला धागा घेऊन मी स्वतः मागापाशी उभा राहिलो. पिसात निळ्याच्या मागे काळपट थर असतो, म्हणून ताणा काळा घ्यायला लावला आणि बाण्यात हा धागा. निळा असा उजळला की शेजारच्या मागावरचे कारागीरही बघायला आले.

सगाईत मुलगी वळली की दुपट्ट्यावर हिरवी झाक यायची. शेठ मला पुढे ओढून पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या भाऊंनी रंगवलाय. एकदम पक्का कलर!"

मी तोंड उघडलं. बायकोने कोपराने ढोसलं. "जेवी ल्या आते," ती पुटपुटली. जेवलो. पण गोडादऱ्याला घरी पोचेपर्यंत माझी चिडचिड चालूच होती.